घर दरवळू द्या, वास झाकू नका
सुगंध पसरवणारे देखणे डिफ्यूझर आता घरोघरी दिसू लागले आहेत. ते खोलीची शोभा वाढवतात, मन प्रसन्न करतात. पण ते निवडताना आणि वापरताना थोडा विचार हवा. अन्यथा सुगंधाचाच त्रास होऊ लागतो.

श्रावणातील दुपार. बडोद्यातील एका मराठी कुटुंबाच्या तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये मंगळागौरीच्या निमित्ताने नातलग जमले होते. बैठकीच्या कोपऱ्यात, लाकडी कपाटाशेजारच्या उंच स्टुलावर एक सुंदर निळी बाटली ठेवलेली. बाटलीत दहा-बारा बारीक काड्या पंख्यासारख्या पसरलेल्या. येणारी प्रत्येकजण तिकडे पाही, कौतुक करी आणि थोड्याच वेळात रुमाल नाकाला लावी.

"सूनबाई, बाटली फार छान दिसते गं," मावशी म्हणाल्या, "पण नाकात कसंतरीच झिणझिणतंय."

सासूबाईंना तोवर चौथी शिंक आली होती.

"अगंबाई, खरंच का?" सून गोंधळली. "आई, मी तर सकाळी आणखी पाच काड्या घातल्या. मला वासच येत नव्हता ना!"

"तुला येत नव्हता गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मला तर खाली जिन्यातच येत होता."

असा प्रसंग अनेक घरांत घडतो. चूक ना बाटलीची असते, ना सुनेच्या हौसेची. आपल्या नाकाची रीतच तशी आहे. एकाच वासात आपण काही मिनिटे राहिलो की नाक त्याला सरावते आणि तो जाणवेनासा होतो. मग आपल्याला वाटते, सुगंध संपला. आपण आणखी काड्या घालतो, आणखी थेंब टाकतो. बाहेरून येणाऱ्याला मात्र तो सगळा एकदम जाणवतो. म्हणूनच डिफ्यूझरचा सुगंध कमी वाटला तर लगेच वाढवू नका. दहा मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात जाऊन या आणि पुन्हा घरात शिरा. दाराशी पहिल्या श्वासात जो वास येईल, तोच तुमच्या पाहुण्यांना येणारा वास.

आधी वासाचे मूळ शोधा

डिफ्यूझर आणण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. आपल्याला घरात सुगंध हवा आहे की कुठला तरी वास घालवायचा आहे? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुगंधी तेल दुर्गंध नाहीसा करत नाही, तो फक्त झाकून टाकते. त्याचे कारण तिथेच राहते.

बहुतेक घरांत वासाची ठिकाणे ठरलेली असतात. बेसिनखालचा ओला कचरा, फ्रिजच्या दाराचे रबर, भांडी पुसण्याचे ओले फडके, बुटांचे कपाट, न वाळलेले टॉवेल. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात गटारासारखा वास येत असेल तर बहुधा जमिनीतील नहाणी ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते. हेच साठलेले पाणी गटारातील वायू अडवून धरते. तिथे बादलीभर पाणी ओता, वास थांबेल. फ्रिजमध्ये वाटीभर खाण्याचा सोडा उघडा ठेवा. बुटांच्या कपाटात कोळशाचे चार तुकडे कापडात बांधून ठेवा. मासळी तळल्यानंतर एक्झॉस्ट पंखा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. या उपायांना फारसा खर्च नाही.

कुबट वास मात्र गंभीर समजावा. तो भिंतीत मुरलेल्या ओलीचा आणि बुरशीचा असतो. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेले की दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. अशा भिंतीपुढे कितीही महागडी बाटली ठेवली तरी बुरशी वाढतच राहणार. उलट सुगंधामुळे ती उशिरा लक्षात येणार.

याहून महत्त्वाची गोष्ट स्वयंपाकाच्या गॅसची. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. हा वास म्हणजे आपल्या घरातील धोक्याची घंटा. म्हणून स्वयंपाकघरात, विशेषतः सिलिंडरजवळ, तीव्र सुगंधाचा डिफ्यूझर ठेवू नये. गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर पडून 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.

घर असे आतून स्वच्छ आणि हवेशीर झाले की मग हौसेने डिफ्यूझर आणावा.

काड्यांचा डिफ्यूझर

सर्वांत सोपा आणि सध्या सर्वाधिक दिसणारा प्रकार हाच. अरुंद तोंडाची काचेची बाटली, तिच्यात सुगंधी द्रव आणि त्यात उभ्या केलेल्या काड्या. वीज नको, आग नको. दिव्याची वात तेल वर ओढते, तशाच या काड्या द्रव वर ओढतात आणि तो हळूहळू हवेत उडतो.

काड्या वेताच्या असाव्यात. वेताच्या आत टोकापासून टोकापर्यंत बारीक नलिका असतात. बांबूच्या काडीला मध्ये पेरे येतात, तिथे द्रव अडतो. साधारण 10 बाय 12 फुटांच्या खोलीला 100 मिलिलिटरची बाटली आणि चार ते सहा काड्या पुरतात. सुरुवात तीन काड्यांनी करा. आठवड्यातून एकदा काड्या उलट्या कराव्यात. हे काम बेसिनवर करावे, म्हणजे थेंब गालिच्यावर पडत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी काड्या धुळीने आणि तेलाने भरून जातात. नवे तेल भरताना काड्याही नव्या घ्याव्यात. जुन्या काड्यांत नवा सुगंध नीट चढत नाही.

काहीजणी घरातील खोबरेल किंवा तिळाच्या तेलात सुगंधी थेंब टाकून हा डिफ्यूझर बनवू पाहतात आणि निराश होतात. ही तेले जाड असल्याने काडीतून नीट वर चढत नाहीत, शिवाय काही दिवसांनी खवट होतात. घरी बनवायचेच असेल तर डिफ्यूझरसाठी मिळणारा तयार पातळ बेस आणावा आणि त्याच्या साधारण तीन भागांत एक भाग सुगंधी तेल मिसळावे. बाटलीचे तोंड अरुंदच हवे. रुंद तोंडाच्या फुलदाणीतील द्रव पाहता पाहता उडून जातो.

विजेवर चालणारा डिफ्यूझर

यात पाणी भरून त्यावर सुगंधी तेलाचे काही थेंब टाकतात. तळाशी असलेली छोटी चकती कानाला ऐकू न येणाऱ्या अतिशय वेगाने कंप पावते आणि पाण्याचे गार धुके करून बाहेर सोडते. म्हणूनच याला अल्ट्रासॉनिक डिफ्यूझर म्हणतात. मंद दिव्यासह मिळणारे हे डिफ्यूझर रात्री फार सुरेख दिसतात.

मात्र ते हवेत ओलावाही सोडतात. दिल्ली, जयपूर किंवा नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात हा ओलावा सुखद वाटेल. मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नईच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात त्याची गरज नाही. तिथे काड्यांचाच डिफ्यूझर बरा.

100 मिलिलिटर पाण्याला तीन ते पाच थेंब पुरेसे होतात. अर्धा तास चालवून बंद करावा. क्षारयुक्त पाणी वापरल्यास आसपासच्या फर्निचरवर पांढरी पूड बसते, तेव्हा फिल्टरचे कमी क्षारांचे पाणी घालावे. उरलेले पाणी रोज ओतून टाकावे. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि तेच धुक्याबरोबर हवेत उडतात. आठवड्यातून एकदा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने टाकी पुसून, धुऊन कोरडी करावी.

मेणबत्तीचा बर्नर

चिनीमातीचे छोटेसे देवळीवजा भांडे, वर वाटी आणि खाली छोटी मेणबत्ती. वाटीत पाणी आणि दोन-तीन थेंब तेल घालतात. अशी छोटी मेणबत्ती साधारण चार तास जळते, पण वाटीतील पाणी त्याआधीच आटू शकते. कोरड्या वाटीत तेल करपते आणि वाटीही तडकते. म्हणून अधूनमधून पाणी पाहावे. पडद्याजवळ, पंख्याखाली किंवा मुलांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी हा बर्नर ठेवू नये आणि तो पेटता ठेवून झोपू नये.

आपल्याकडील जुने प्रकार

डिफ्यूझर हे नाव नवे असले तरी कल्पना आपल्याला नवी नाही. लग्नकार्यात आणि हळदीकुंकवाला अत्तरदाणी आणि गुलाबदाणी आजही फिरते. कानात अत्तराचा फाया ठेवणारे आजोबा अनेकांनी पाहिले असतील. उन्हाळ्यात वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की खोली गार होई आणि दरवळेही.

उत्तर प्रदेशातील कनौज हे गाव अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तिथे आजही तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात आणि खाली जाळ करतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात परंपरेने चंदनाचे तेल असते, ते हा सुगंध धरून ठेवते. गुलाब, मोगरा, केवडा यांच्याप्रमाणेच भाजलेल्या मातीपासूनही तिथे अत्तर काढतात. पहिल्या पावसाचा मृद्गंध अशा रीतीने बाटलीत उतरतो.

मात्र अत्तर काड्यांच्या बाटलीत ओतू नका. ते जाड असल्याने वर चढत नाही. त्यासाठी जुनी फायाचीच युक्ती चांगली. बिनचकाकीच्या मातीच्या पणतीत किंवा स्वच्छ खापराच्या तुकड्यावर अत्तराचे दोन थेंब टाकून ठेवा. माती सुगंध शोषून घेते आणि सावकाश सोडते. ना वीज, ना ज्योत, ना सांडण्याची भीती. कपड्यांच्या कपाटासाठी, मोटारीसाठी किंवा छोट्या खोलीसाठी हा डिफ्यूझर अतिशय सोयीचा आहे.

कुठे आणि कसा ठेवाल

डिफ्यूझर हा सजावटीचाही भाग आहे, म्हणून त्याचा खोलीशी मेळ बसायला हवा. पांढऱ्या किंवा फिकट भिंतीपुढे जयपूरच्या निळ्या पॉटरीतील किंवा खुर्जाच्या रंगीत चिनीमातीतील पात्र उठून दिसते. लाकडी फर्निचर असलेल्या पारंपरिक बैठकीत मुरादाबादी पितळेचे तबक आणि त्यात मधल्या रंगाची काचेची बाटली शोभते. पाश्चात्त्य पद्धतीच्या साध्या खोलीत पारदर्शक चौकोनी बाटली आणि काळ्या काड्या पुरेशा आहेत. एका कोपऱ्यात एकच बाटली ठेवावी. शेजारी एखादे छोटे रोप किंवा दोन पुस्तके असली की झाले.

जागा निवडताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

प्रवेशद्वाराजवळ किंवा माणसे ये-जा करतात त्या वाटेवर, साधारण कमरेच्या उंचीवर डिफ्यूझर ठेवावा. ये-जा झाली की हवा हलते आणि सुगंध पसरतो.

पंख्याखाली, एसीच्या झोतात किंवा उन्हात ठेवल्यास तेल लवकर उडून जाते.

बाटली थेट पॉलिश केलेल्या लाकडावर ठेवू नये. सांडलेला थेंब पॉलिश खातो, प्लास्टिकवरही डाग पाडतो. खाली काचेची किंवा धातूची बशी हवीच.

काड्यांच्या बाटलीतील द्रव पेट घेऊ शकतो. म्हणून देवघरातील समईपासून आणि शेगडीपासून ती दूर ठेवावी.

कोणत्या खोलीला कोणता सुगंध

बैठकीच्या खोलीत चंदन, मोगरा किंवा गुलाब यांपैकी एखादा मंद सुगंध असावा. जेवणाच्या जागी फुलांचा सुगंध नको, तो अन्नाच्या वासात मिसळून नकोसा होतो. तिथे लिंबू, संत्रे किंवा गवती चहा चालेल. झोपण्याच्या खोलीत लॅव्हेंडर अनेकांना आवडते. आता ते परदेशातूनच यावे लागते असे नाही, जम्मूतील डोडा जिल्ह्यात भदरवाहच्या परिसरात शेतकरी लॅव्हेंडर पिकवतात. झोपण्यापूर्वी अर्धा तास डिफ्यूझर लावून, झोपताना तो बंद करावा. न्हाणीघरासाठी निलगिरी किंवा वाळा ठीक.

एका वेळी घरात एकच सुगंध ठेवावा. बैठकीत गुलाब, बोळात चंदन, न्हाणीघरात निलगिरी आणि देवघरात उदबत्ती असे सगळे एकत्र आले की डोके दुखू लागते.

पाहुणे अचानक येणार असतील तर सर्वांत स्वस्त उपाय स्वयंपाकघरातच आहे. पातेल्यात दोन पेले पाणी, संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा आणि तीन-चार लवंगा घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळू द्या. घरभर उबदार सुवास पसरेल. पातेल्याजवळून मात्र हलू नका.

तेल घेताना

बाजारात दोन प्रकारची तेले मिळतात. इसेन्शियल ऑइल म्हणजे वनस्पतीपासून काढलेला अर्क. फ्रॅग्रन्स ऑइल म्हणजे बहुधा प्रयोगशाळेत तयार केलेले सुगंधाचे मिश्रण. दुसरे घेण्यात गैर काही नाही, पण पहिल्याचे दाम देऊन दुसरे घेऊ नये. खऱ्या अर्काच्या लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि उत्पादनाची तारीख असावी. अस्सल चंदनतेल अतिशय महाग असते, म्हणून चिमुकल्या किमतीत मिळणारी मोठी बाटली चंदनाची नाही असे खुशाल समजावे. बाटली गडद रंगाच्या काचेची आणि लहान घ्यावी, म्हणजे तेल उडण्याआधी संपते.

आणि 'नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे' या समजुतीत राहू नये.

यांची काळजी घ्या

घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या खोलीत डिफ्यूझर लावू नये. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग, धूप घालून शेगडीची धुरी देण्याची पद्धत काही घरांत अजूनही आहे. त्यामागची माया समजण्यासारखी आहे, पण कोणताही धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना मानवत नाही. हेच उदबत्तीलाही लागू आहे. तिच्या धुरात अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू असतात. पूजेला एक उदबत्ती जरूर लावावी, पण खिडकी उघडी असावी.

दमा, अर्धशिशी किंवा ॲलर्जी असलेल्यांना सुगंधी तेलांनी त्रास होऊ शकतो, मग तेल अस्सल असो की बनावट. नवा सुगंध आणल्यास पहिल्या दिवशी अर्धा तासच ठेवावा. कोणाला शिंका, खोकला, डोकेदुखी सुरू झाली तर बाटली घट्ट बंद करावी आणि खिडक्या उघडाव्यात.

निलगिरीचे तेल आणि कापूर मुलांच्या पोटात गेले तर थोड्या प्रमाणातही विषबाधा होते, झटकेही येऊ शकतात. रंगीत बाटलीतील द्रव मुलाला सरबतासारखा वाटतो. म्हणून बाटल्या उंचावर आणि बंद ठेवाव्यात. मुलाने काही प्यायले तर ओकारी काढण्याच्या प्रयत्नात न राहता बाटली बरोबर घेऊन तडक डॉक्टरांकडे जावे.

घरात मांजर असेल तर विशेष जपावे. अशा तेलांतील अनेक घटक पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात नसते. टी ट्री तेल तर मांजर आणि कुत्रा दोघांनाही घातक ठरू शकते.

आणि शेवटी

त्या दिवशी बडोद्याच्या घरात मंगळागौरीचे खेळ सुरू होण्याआधी सुनेने बाटलीतील दहा काड्या काढून घेतल्या, दोनच ठेवल्या आणि खिडक्या उघडल्या. पण तासाभराने, सुगंध उतरल्यावर, त्या कोपऱ्यातून दुसराच वास येऊ लागला. ओल्या कापडासारखा, कुबट.

"आई, म्हणूनच तर मी ही बाटली आणली होती," ती हळूच म्हणाली. "पाऊस सुरू झाल्यापासून इथे असाच वास येतो. कोणी आलं की लाज वाटायची."

"अगं, मग आधी सांगायचंस की," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझा खोकलाही आषाढापासूनच आहे."

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून कपाट पुढे ओढले. मागची भिंत हातभर काळी पडली होती. पलीकडच्या न्हाणीघरातील पाइप गळत होता. प्लंबर आला, पाइप बदलला, भिंत सुकू दिली, बुरशी खरवडून नव्याने रंग दिला. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले, म्हणजे मागून हवा खेळत राहील.

गणपतीला पुन्हा सगळे जमले, तेव्हा ती निळी बाटली कोपऱ्यातून दाराजवळच्या कोनाड्यात आली होती. तीनच काड्या, मोगऱ्याचा मंद सुगंध. मावशी आत आल्या, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आज घर कसं प्रसन्न वाटतंय गं! काय लावलंस?"

सासूबाई हसल्या. "काही नाही, पाइप बदलला!"